शांतिसेना : एका समासाचा विग्रह

समास शिकवताना मी उदाहरणे पाठ्यपुस्तकातून घेत नसे, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून घेत असे. पाठ्यपुस्तकातल्या 'राजपुत्र' आणि 'चोरभय' या वाटांवरून इतक्या पिढ्या चालून गेलेल्या असतात की तेथे आता गवतही उगवत नाही. १९८८ च्या पावसाळ्यात अकोल्याच्या एका महाविद्यालयात बी. ए. च्या पहिल्या वर्षाला मी फळ्यावर 'शांतिसेना' हा शब्द लिहिला. आदल्या वर्षीच्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला होता, आपले सैन्य जाफन्यात उतरले होते आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्याला हे नाव देऊन टाकले होते. 'शांतिसेनेच्या गोळीबारात' असे शब्द बातम्यांत येत आणि कोणाला खटकत नसत. विग्रह करा, असे मी म्हणालो. कोणी शांतीची सेना म्हणाले, षष्ठी तत्पुरुष. कोणी शांतीसाठी सेना, चतुर्थी. एक हुशार मुलगी म्हणाली, शांती राखणारी सेना, मध्यमपदलोपी. शेवटच्या बाकावर बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एस. टी. ने येणारा मुलगा बसे. तो उठला आणि म्हणाला, "सर, हे दोन शब्द एकमेकाशी बोलतच नाईत. त्याइचा इग्रह कसा करावा?" वर्ग हसला. मीही हसलो, मध्यमपदलोपीला पूर्ण गुण दिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो.

तो मुलगा दोन वर्षांनी सैन्यात भरती झाला, आणि २००८ साली काँगो नावाच्या देशात निळे शिरस्त्राण घालून उभा राहिला. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी शब्दाविषयी, कारण आम्हा मराठीच्या मास्तरांना माणसाकडे जायचे तर शब्दावरूनच जावे लागते.

हा शब्द श्रीलंकेत जन्मलेला नाही. विनोबांनी १९५७ साली केरळात शांतिसेना स्थापन केली. हेच विनोबा १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात शिक्षा होऊन नागपूरच्या आणि मग आमच्या अकोल्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या कल्पनेतला शांतिसैनिक निःशस्त्र होता. दर पाच हजार वस्तीमागे तो एक असावा, असा हिशेब होता. त्याने एरवी त्याच वस्तीत राहावे, लोकांच्या सुखदुःखात पडावे, सेवा करावी. आणि दंगल उसळली की मध्ये जाऊन उभे राहावे, प्रसंगी मरावे. त्याचे बळ ओळखीचे होते. लाठी उगारणाऱ्या माणसाच्या आईला त्याने गेल्या साली दवाखान्यात नेलेले असणार, म्हणून ती लाठी क्षणभर थबकणार. ही कल्पना भाबडी होती, असे म्हणणे सोपे आहे. मी अनेक वर्षे तसे म्हणत आलो.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना याच्या नेमकी उलट आहे. ती अनोळखी माणसांची आहे, आणि अनोळखीपण हाच तिच्या रचनेचा पाया आहे. मौजेची गोष्ट अशी की ज्या सनदेवर संयुक्त राष्ट्रे उभी आहेत, तिच्यात या सेनेसाठी शब्दच नाही. सहावे प्रकरण तंट्यांच्या समेटाविषयी बोलते, सातवे बळाच्या वापराविषयी. सातव्यात अशी तरतूद होती की सदस्य राष्ट्रांनी करार करून आपल्या फौजा सुरक्षा परिषदेच्या हाती ठेवाव्यात. ते करार कधी झालेच नाहीत. मग दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत ही संस्था वाढली. डाग हामरशोल्ड तिला 'साडेसहाव्या प्रकरणातली' म्हणत. एखादी पंक्ती मुळात नसावी आणि पुढच्या पिढ्यांनी तीच पाठ करावी, तसा हा प्रकार.

१९४८ साली पॅलेस्टाइनमध्ये आणि १९४९ साली आपल्या काश्मीरमध्ये आलेले निरीक्षक निःशस्त्र होते. पहिली सशस्त्र फौज १९५६ साली सुएझच्या पेचप्रसंगात उभी राहिली, तीही काही दिवसांत. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांनी कल्पना मांडली, पण कॅनडाने देऊ केलेली पलटण इजिप्तने नाकारली. त्या पलटणीचे नाव होते 'क्वीन्स ओन रायफल्स'. ज्या राणीच्या सैन्याने नुकताच हल्ला केला, तिच्याच नावाची पलटण तटस्थ म्हणून कशी स्वीकारायची? नावात काय आहे असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे. इंग्रज सैनिकांसारखाच पोशाख असलेले हे नवे लोक ओळखायचे कसे, हा प्रश्न आलाच. वेगळ्या टोप्या शिवायला वेळ नव्हता, तेव्हा अमेरिकन शिरस्त्राणांवर निळा रंग फवारला. आज जगभर ज्या निळ्याला मान आहे, तो असा घाईत लावलेला रंग आहे.

त्या निळ्याखाली सगळे उसनवारीचे असते. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही शिपाई नाही. सुरक्षा परिषद ठराव करते, त्यात काय करायचे आणि किती माणसांनी करायचे हे लिहिलेले असते. मग न्यूयॉर्कचे सचिवालय देशोदेशीच्या सरकारांकडे मागणी घेऊन जाते. कोणी एक पायदळ पलटण देतो, साधारण आठशे माणसांची. कोणी इस्पितळ देतो, कोणी हेलिकॉप्टरे, कोणी रस्ते बांधणारे अभियंते. प्रत्येक सरकारशी लेखी करार होतो. गाड्या, जनरेटर, तंबू कोणी आणायचे आणि बिघडले तर दुरुस्ती कोणी करायची, इथपर्यंत. माणशी महिन्याला सुमारे चौदाशे डॉलर या दराने भरपाई मिळते, ती सरकारला. शिपायाला आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे पगार आणि भत्ता. सेनापती महासचिव नेमतात, पण शिस्तीचा बडगा ज्याच्या त्याच्या देशाच्या हाती. म्हणजे एका शिपायाच्या डोक्यावर एक टोपी आणि खांद्यावर दुसरा झेंडा. साधारण वर्षाने पलटण बदलते. माणसांना वाटा कळू लागतात, बाजारातल्या बाया चेहऱ्याने ओळखू लागतात, तोवर परतीचे विमान येते. विनोबांनी हे ऐकले असते तर ते काय म्हणाले असते, याची मी कधी कधी कल्पना करतो.

उसनवारीचे दुखणे १९९४ साली रवांडात दिसले. कत्तल सुरू असताना २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने तिथली फौज जवळपास २७० माणसांवर आणली. १७ मे रोजी ५,५०० माणसांना मंजुरी दिली. ती माणसे वेळेवर कोणी दिली नाहीत. मंजुरी आणि माणूस यांच्यामध्ये महिने गेले, आणि त्या महिन्यांत जे व्हायचे ते होऊन गेले. ठराव करणारे एक आणि माणसे पाठवणारे दुसरे, ही या व्यवस्थेतली जुनी फट आहे. चीनचा अपवाद सोडला तर नकाराधिकार असलेली राष्ट्रे शिपाई थोडेच पाठवतात. पाठवतात ते नेपाळ, बांगलादेश, रवांडा, पाकिस्तान, भारत. भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक माणसे पाठवली आणि सुमारे १८० गमावली, इतर कोणत्याही देशाहून जास्त. हा आकडा अभिमानाने सांगतात. मला तो सांगताना अभिमान आणि अस्वस्थता या दोहोंपैकी एकच निवडता येत नाही.

या सगळ्यात मराठी माणूस कुठे, असे कोणी विचारील. तो जवळजवळ आरंभापासून आहे. कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात १९५३ साली मेजर जनरल होते. कोरियाचे युद्ध थांबत नव्हते, कारण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, या एका प्रश्नावर तह अडला होता. तोड अशी निघाली की हे कैदी तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यावेत. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. काटेकोर बोलायचे तर ही संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नव्हे, कारण संयुक्त राष्ट्रे तेव्हा स्वतःच लढणाऱ्यांपैकी एक होती. पण तिऱ्हाइताचे काम म्हणजे काय, हे मला थोरातांच्या गोष्टीतून जितके कळले तितके दुसऱ्या कशातून कळले नाही.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी बजावले होते की भारतीय सैनिकाचा पाय आमच्या भूमीवर पडता कामा नये. म्हणून इंचॉनच्या बंदरात आलेल्या हजारो भारतीयांना हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडले. तिथे त्यांनी छावणी वसवली आणि तिला नाव दिले 'हिंद नगर'. सुमारे ६,००० शिपाई आणि एका बाजूचेच २२,६०० च्या आसपास कैदी. काटेरी तारांच्या आत कैद्यांचेच राज्य होते. त्यांच्यात म्होरके होते, दहशत होती, मायदेशी जाऊ पाहणाऱ्याला रात्री संपवीत. एकदा त्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेले. थोरात मोजक्या लोकांनिशी त्या गराड्यात शिरले आणि गोळी न झाडता त्याला बाहेर घेऊन आले. ही गोष्ट सगळे सांगतात. थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबरच्या आरंभी, भारतीय पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि काही कैदी मेले, हे कमी लोक सांगतात. दोन्ही बाजू भारतीयांवर पक्षपाताचा आरोप करीत होत्या. मुदत संपल्यावर जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्याच्या त्याच्या हवाली झाले. ८८ जण म्हणाले, आम्हाला कुणाकडेच जायचे नाही. ते थोरातांच्या लोकांबरोबर बोटीत बसून भारतात आले. ज्याचे कोणीच नाही त्याने तिऱ्हाइताचा हात धरला, असे मी वर्गात सांगत असे, आणि मुलांना ते आवडे.

थोरातांचे इंग्रजी आत्मचरित्र 'फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट' मला रद्दीत मिळाले होते, पुठ्ठे सुटलेले. ते मी एप्रिल २०२३ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बाइंडरकडे शिवायला दिले. मी जुन्या शहरात राहतो, मोर्णेच्या या अंगाला, राजराजेश्वराच्या मंदिरापासून फार दूर नाही. श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन कावडी येतात तेव्हा रात्रभर ढोलांमुळे झोप लागत नाही. हा बाइंडर तीस वर्षे माझी पुस्तके शिवतो. मी त्याला भाई म्हणतो, तो मला सर. त्याच्या आणि माझ्या दारात चाळीस पावलांचे अंतर आहे.

आता तो शेवटच्या बाकावरचा मुलगा. निवृत्त होऊन गावी आल्यावर तो एकदा भेटायला आला. २००८ साली तो काँगोच्या उत्तर किवू प्रांतात, गोमा शहराजवळ होता. तो देश महाराष्ट्राच्या साडेसातपट मोठा आणि त्यात सारी मिळून सतराएक हजारांची फौज. त्याच्या तळावर एक तुकडी, एक दुभाषा आणि समोर डोंगर. मी पुस्तकातून काढलेले प्रश्न विचारीत होतो, तो चहा पीत होता. मग आपणहून बोलू लागला.

"सर, संध्याकाळ झाली का बाया येत आमच्या तारीपाशी. लेकरं, बकऱ्या, डोक्यावर गाद्या. बोलत काहीच नोयत्या. तारीले टेकून झोपत. उजाडलं का आपापल्या वावरात. त्यायचा भरोसा आमच्यावर नोयता, तारीवर होता."

त्या ऑक्टोबरात बंडखोर गोम्याच्या उंबरठ्याशी आले, सरकारी सैन्य पळाले आणि लोकांनी निळ्या टोपीवाल्यांवर दगड मारले. नोव्हेंबरच्या आरंभी किवांजा गावात एका रात्री-दिवसात दीडशेच्या घरात माणसे मारली गेली. शांतिसैनिकांचा तळ तिथून मैलाच्या आत होता. तो तिथे नव्हता, दुसऱ्या ठिकाणी होता. पण सांगताना तो खाली पाहत होता.

"आमी आलो तवा टाळ्या वाजवल्या त्यायनं. निंगालो तवा दगडं. काहून का, त्यायले वाटे हे आले म्हन्जे आता थांबन. आमाले थांबवाले धाडलंच नोयतं, सर. पाहाले धाडलं होतं."

कागदोपत्री हे खरे नाही. सुरक्षा परिषदेच्या ठरावात नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरण्याची मुभा होती. मी तसे त्याला म्हणालोही, मास्तरी सवय. तो म्हणाला, "कागदावर आसन." मग भत्त्याच्या पैशातून गावी दोन खोल्या बांधल्याचे सांगितले, मुलाच्या नोकरीचे विचारले आणि उठला. शब्दांच्या विग्रहाची आठवण मी त्याला करून दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा बंडखोरांच्या हाती गेले तेव्हाही संयुक्त राष्ट्रांचे लोक तिथे होतेच. मी बातमी वाचली आणि मला ती तार आठवली, तिला टेकून झोपलेल्या बाया आठवल्या.

राखायला आधी शांती असावी लागते. त्या हुशार मुलीचा विग्रह व्याकरणाने बरोबर होता, पण त्यात ही अट गृहीत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार १९९२ साली युगोस्लाव्हियातल्या फौजेचे पहिले सेनापती झाले. कामगिरी क्रोएशियातली, मुख्यालय मात्र शांत म्हणून साराजेव्होत ठेवलेले. आणि एप्रिलमध्ये युद्ध साराजेव्होतच पेटले. दुसरी अट संमतीची. मे १९६७ मध्ये इजिप्तने गाझातल्या फौजेला निघून जा म्हटले आणि तिला निघावे लागले. ५ जूनला युद्ध सुरू झाले तेव्हा आपले काही शिपाई अजून सामान बांधीत होते, ते परतले नाहीत. तिऱ्हाइताला घरात राहायचे तर घरमालकाच्या मर्जीने.

१३ मे २०२३, शनिवार. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून आमच्या जुन्या शहरात दंगल झाली. हरिहर पेठेकडून आधी आवाज आले, मग धूर दिसला. गाड्या जळाल्या, दगडफेक झाली, एक माणूस गेला. संचारबंदी लागली. मी दाराला कडी लावून, दिवे मालवून आतल्या खोलीत बसलो होतो. हातात मोबाइल होता. पुण्याला मुलीला फोन केला, अमरावतीला भावाला, नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याला. प्रत्येकाला सांगितले की काळजी करू नका. चाळीस पावलांवरच्या घरी फोन करावा असे दोनदा मनात आले. नंबर समोर काढलाही. काय बोलायचे ते सुचेना, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी त्या घराकडून काय ऐकू येईल याची मला भीती वाटली. साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. भाईचाच होता. "सर, सब खैरियत? मॅडम ठीक? बाहेर निकलू नका." मी म्हणालो, ठीक आहोत, तुम्ही? "हम भी ठीक." एवढेच. मिनिटही झाले नसेल.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी राज्य राखीव पोलीस दलाची मुले आली. कडुनिंबाखाली त्यांनी ताडपत्री बांधली. मे महिन्यातला अकोला. पत्र्याची ढाल हातात धरवत नसे. त्यांतला एक जण बोलीवरून सातारा-कोल्हापूरकडचा वाटला. पाणी मागायला आला तेव्हा त्याने विचारले, "आजोबा, ही गल्ली कुठं निघती? नदीवर काय?" कोणते घर कोणाचे, कोणाशी कोणाचे काय, त्याला काही ठाऊक नव्हते. मला त्याचा फार आधार वाटला. त्याला माझे नाव विचारायची गरज पडली नाही, भाईचेही नाही; तो आम्हा दोघांकडे सारखाच कंटाळून पाहत होता. आपल्याच देशातल्या पोलिसांना शांतिसेना म्हणणे शास्त्राला धरून नाही, हे मला कळते. पण संयुक्त राष्ट्रांकडे जाणारी आपली पोलीस पथके याच घडणीच्या दलांतून उचललेली असतात. २००७ साली लायबेरियाला गेलेली जगातली पहिली महिलांची पोलीस तुकडी केंद्रीय राखीव पोलीस दलाची होती. मन्रोव्हियाच्या एखाद्या गल्लीतही कोणी म्हातारा दाराच्या फटीतून असाच पाहत असेल.

ती मुले गल्लीत होती तोवर मी निर्धास्त झोपलो. आणि ती गेली तर काय, हा विचार मनात आला की चाळीस पावलांकडे पाहणे टाळीत असे.

जूनमध्ये मृग लागला, ताडपत्री निघाली. काही दिवसांनी भाई पुस्तक घेऊन आला. नवे पुठ्ठे, कापडी कणा, पाने नीट कापलेली. त्या रात्रीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. पुस्तकातला गणवेशातला फोटो दाखवून त्याने विचारले, "ये कौन साहब?"

मी सांगितले, कोल्हापूरकडचे जनरल; कोरियात दुसऱ्यांचे कैदी सांभाळायला गेले होते.

"वहाँ इनका कौन था?"

"कोणीच नव्हतं," मी म्हणालो. "म्हणूनच यांना बोलावलं."

त्याने मान हलवली, पुस्तक पुन्हा एकदा उघडमिट करून शिवण पाहिली आणि म्हणाला, ऐंशी रुपये झाले. मी शंभराची नोट दिली. सुटे नव्हते त्याच्याकडे. घरी जाऊन आणतो म्हणाला. राहू दे म्हटले, तर ऐकेना. मग मीच चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघालो.